टिकलीखालचं कपाळ

आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेली मरून टिकली भागीरथानं नखानं उचलली, तर ती जरा जास्तच सहज निघाली — रात्री कुणी काढून पुन्हा लावून ठेवली की काय? घरात माणसं तीन. नवरा आरशात बघतो ते दाढीपुरतं. राहिली लेक, मोहिनी... भागीरथानं दाराची कडी पाहिली आणि मगच उजेडाकडे कपाळ केलं. डाग तिथंच होता. भुवयांच्या मधोमध, पांढरा, गोल, आणि आता टिकलीच्या कडेबाहेर डोकावायला लागलेला.

आधी नुसती खाज होती. तेव्हा तिनं गुपचूप मेडिकलमधून ट्यूब आणली. मग कातडी फिकी पडली, तशी तिनं लहान टिकली सोडून मधली धरली, मधली सोडून मोठी. दवाखान्यात गेलं की चार लोक बघणार, आणि रोहणा गावच्या पाहुण्यांनी मोहिनीला पसंत केलेलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, तोंडावर आलं होतं. आईला कोड आहे म्हटल्यावर लेकीला कोण करणार? हल्ली शेजारीण बोलताना डोळ्यांत बघत नाही, जरा वर बघते. भाजीवालीसुद्धा वर बघते. कुणी तसं पाहिलं की भागीरथाचं मधलं बोट आपोआप टिकलीवर जायचं आणि ती दाबून यायचं.

आज गुडघ्याचं निमित्त सांगून ती नालवाडीहून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आली. त्वचेच्या डॉक्टरांच्या खोलीसमोर जेमतेम टेकते न टेकते तोच समोर रुख्माबाई, होणाऱ्या जावयाची आत्या!

"तुमी इकडं काऊन जी?"

"गुडघा दाखवाले आलती. बाक रिकामा दिसला, बसली."

रुख्माबाईनं मान हलवली, दारावरची पाटी वाचली आणि मग तिच्याकडे पाहिलं... जरा वर. बोट टिकलीवर गेलंच. बाई निघून गेल्यावर भागीरथाच्या मनात आलं, ही तरी इथं कशाला आली होती? या विचारानं धीर यायचा, तर उलट जीव जास्तच धास्तावला.

डॉक्टरीण मोहिनीच्याच वयाची. तिनं टिकली काढायला लावली, डाग निरखला, बाकी अंग तपासलं. म्हणाली, हे टिकलीच्या गोंदामुळे झालेलं दिसतं. खाज सुटली तेव्हाच यायला हवं होतं, आता रंग यायला वेळ लागेल. ती ट्यूब फेकून द्या, मी देते ते मलम लावा. "आणि मावशी, टिकली आजपासून बंद."

बंद? नवरा धडधाकट असताना कपाळ मोकळं ठेवायचं, तेही साक्षगंधात, पांढरा डाग सगळ्यांसमोर मांडून? खरंच गोंद असेल, की म्हातारीचं मन राखायला पोरगी गोड बोलली? वर्षभर जे झाकायला म्हणून लावलं, त्यानंच ते वाढवलं — हे भागीरथाला पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. ऑटोत बसल्यावर तिनं पिशवीतली टिकली काढून पुन्हा लावली. घरापुरती.

घरी मोहिनी तांदूळ निवडत बसली होती. गुडघ्याला काय म्हणाले, असं तिनं खाली मान घालूनच विचारलं. काही नाही म्हणाले, असं सांगून भागीरथा पाणी प्यायला वळली आणि तांब्या हातातच राहिला. मोहिनीच्या कपाळावर मरून टिकली होती. त्याच पाकिटातली, मोठी. ही तर मोहरीएवढी लावायची. आईचं जुनाट ध्यान म्हणून माझ्या टिकलीला हसायची... कधीपासून लावते ही मोठी? साक्षगंध ठरल्यापासून? की त्याच्याही आधीपासून?

"आई, अशी काऊन पाहून राह्यली?"

असं म्हणताना मोहिनीचं मधलं बोट कपाळाकडे गेलं आणि टिकली दाबून आलं.

विचारावं. आत्ताच्या आत्ता, कडी लावून, आधी आपली काढून दाखवावी आणि मग विचारावं. आणि तिच्या टिकलीखाली काहीच नसलं तर? आणि असलं तर?... मोहिनी पुन्हा तांदळात बघू लागली होती. भागीरथाला कळत होतं की आपण लेकीच्या डोळ्यांत बघत नाही आहोत, जरा वर बघतो आहोत, अगदी त्या सगळ्यांसारखे. तरी नजर काही तिथून हटेना.