उणे पाच

चर्चची मंडळी गात नाही, याचा वायरमनला इतका राग होता की दर रविवारी तो देवाची स्तुती दात-ओठ खातच करायचा.

सहा वर्षं उपासनेतली गाणी तोच पुढे होऊन गात होता. आठवडाभर लोकांच्या घरच्या वायरी ओढायच्या आणि रविवारी त्याच लोकांसमोर माईक धरून उभं राहायचं. आवाज खणखणीत, पट्टी उंच, काळी चार. तो वर चढला की छताखालची कबुतरं जागा बदलायची. आणि समोर दोनशे माणसं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी. एकदा तर गाणं मध्येच थांबवून तो ओरडला होता, "तुम्हाला पापांची क्षमा झालीय की पाप करताना पकडलंय? चेहरे बघा जरा!" तिसऱ्या रांगेतल्या आजींनी चष्मा काढून पुसला. प्रतिसाद म्हणावा तर एवढाच.

शेवटी मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाने त्याला बोलावलं. प्रमुख होते डेंटिस्टकाका. "लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा आहे," ते म्हणाले, "पण तुझ्यासमोर मलाही जमत नाही. तीन महिने देतो. लोक गायले तर ठीक, नाहीतर गाणी लॅपटॉपवर लावू. लॅपटॉप निदान अंगावर येत नाही."

लॅपटॉप! वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने शुक्रवारचे उपवास धरले. रोज पहाटे गच्चीवर गुडघे टेकून तो प्रार्थना करू लागला. प्रार्थनेत न गाणाऱ्यांची नावं रांगेनुसार घ्यायचा, देवाला शोधायला सोपं जावं म्हणून.

की-बोर्डवर त्याची थोरली बहीण असायची. ताई दवाखान्यात नर्स होती आणि मोजकंच बोलायची. सुई टोचणाऱ्याने आधी चर्चा करू नये, असं तिचं मत होतं.

तिसऱ्या आठवड्यात डेंटिस्टकाकांच्या बायकोने ओठ हलवले. सातव्यात मंडळीतला प्लंबर चक्क गायला, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटून त्याने मागे वळून पाहिलं. दहाव्या आठवड्यात सगळं सभागृह गात होतं. वायरमनला आपला आवाजही भरदार झाल्यासारखा वाटू लागला. त्याने उभं राहून साक्ष दिली की हे उपवासाचं फळ आहे. पाळकसाहेबांनी त्यावर आख्खं प्रवचन केलं. दुसऱ्या मंडळीतला एक गायक सल्ला विचारायला आला, तेव्हा वायरमनने त्याला आधी गुडघे दाखवायला सांगितले.

बाराव्या रविवारी वडीलमंडळ पहिल्या रांगेत कागद-पेन घेऊन बसलं. वायरमनने त्या दिवसासाठी व्यासपीठावर चार नवे दिवे लावले होते, स्वतःच्या हाताने, सगळे एकाच लाइनवर. पहिलं गाणं रंगात आलं आणि फट् करून सगळं बंद पडलं. दिवे, माईक, की-बोर्ड, सगळं. वायरमनच्या सभेत वायरमनची वायरिंग! लाल तोंडाने तो धावत गेला, दोन दिवे काढले, स्विच वर केला आणि परत येऊन माईक धरला.

"पुन्हा पहिल्यापासून!"

ताईने सूर दिला, तो चढला, आणि दुसऱ्या ओळीला सभागृह गप्प झालं. कुणीतरी दोनशे माणसांचा प्लग काढल्यासारखं. कबुतरं उडाली.

मागे टिक टिक आवाज आला. ताई एक बटण दाबत होती. की-बोर्डच्या छोट्या पडद्यावर उणे एक, उणे दोन असे आकडे सरकत होते. ते बटण वायरमनला ठाऊक होतं. बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सगळ्या वाद्याचा सूरच खाली उतरवायचं ते बटण. वीज गेली की आकडा शून्यावर येतो.

"काय दाबतेयस?"

"काही नाही. गा तू."

"उणे चार कशाला? ताई!"

"उणे पाच. हं, आता गा."

"कधीपासून?"

"अडीच महिने. दर पंधरवड्याला अर्धा सूर. डोस एकदम दिला असता तर तू थयथयाट केला असतास."

"अगं, मी उपवास केले! साक्ष दिली! अडीच महिने शुक्रवारी जेवलो नाही मी!"

"वजन छान उतरलंय."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. माईक चालूच होता. वायरमन गर्रकन लोकांकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही रे बाबा," तिसऱ्या रांगेतल्या आजी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तू माणसांत आलास."

"मग वर गळा पोहोचत नाही हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मी सांगितलं होतं," प्लंबर म्हणाला. "तू म्हणालास, विश्वास वाढव."

डेंटिस्टकाकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"शून्यावर आण," वायरमन ताईला म्हणाला. त्याने मनाशी ठरवलं, काळी चारमध्ये एकटाच असा गाईन की तावदानं थरथरतील, आणि मग माईक फेकून घरी जाईन. मग या लोकांनी लॅपटॉपपुढे उभं राहून खुशाल आमेन म्हणावं.

"आणते," ताई म्हणाली आणि बटणावर बोट ठेवून थांबली. "सांग, आणू?"

त्याने समोर पाहिलं. आजी तोंड उघडून तयार होत्या. प्लंबर छाती भरून उभा होता. याच लोकांची नावं तो रोज पहाटे चुगली केल्यासारखी वर कळवत होता. देवाने सगळं ऐकून घेतलं, एका शब्दाने टोकलं नाही, आणि उत्तर द्यायचं तर एका बटणाने दिलं, तेही ताईच्या हातून! त्याला देवाचाही राग आला. आणि मग, त्या दोनशे उघड्या तोंडांकडे बघता बघता, स्वतःचा इतका राग आला की बाकीचे राग त्यापुढे किरकोळ वाटले.

"राहू दे," तो खेकसला. "वाजव! बघतेस काय?"

तो खालीच गायला. त्याची हुकमी तान तिथे लागतच नव्हती. खालच्या ओळींना तर आवाज जमिनीवरून फरफटत नेल्यासारखा येत होता. दुसऱ्या कडव्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. त्याने माईक तोंडापासून दूर धरला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माणसं डोळे मिटून गात होती, बेसूर, मोठ्यांदा, त्याच्याशिवाय. तो दात आवळून उभा राहिला आणि शेवटच्या कडव्याला माईक खाली ठेवून त्यांच्यातलाच एक होऊन गायला.

उपासना संपल्यावर डेंटिस्टकाका जवळ आले. "लॅपटॉपचं रद्द," ते म्हणाले. "तो गाणं थांबवून भांडू शकत नाही." आणि निघून गेले.

ताई की-बोर्ड पिशवीत भरत होती. वायरमन वायर गुंडाळत होता, गळा आवळल्यासारखी.

"यापुढे पट्टी बदलायची तर मला आधी विचारायचं."

"विचारलं तर हो म्हणशील?"

"नाही म्हणेन," तो म्हणाला. "मग तू भांड. पण तोंडावर भांड."

"बरं," ताई म्हणाली. "मग पुढच्या रविवारी उणे सहा. आजींना अजून वर जड जातंय."

"अजिबात नाही!" वायरमन ओरडला, आणि भांडण सुरू झालं.