आर्गॉन येईपर्यंत

फीना लाटुहेरूनं शिंपल्यांचे चोवीस नमुने गोठवून वाळवले, दळले, आम्लात विरघळवले आणि बाटल्या यंत्राशेजारी मांडून ठेवल्या. पुढचं काम पारा मोजणाऱ्या यंत्राचं. पण त्याला लागतो आर्गॉन वायू, आणि आंबोन बेटावरच्या विद्यापीठातलं शेवटचं सिलिंडर सोमवारीच संपलं होतं. नवी सिलिंडरं जहाजानं यायची. जहाज खवळलेल्या समुद्रामुळे सुराबाया बंदरातच अडकलेलं.

शिंपले आणले होते ओमा, म्हणजे आजी, दोर्चेनं, तिच्या गावच्या खाडीतून. खाडीच्या वरच्या अंगाला सोनं काढणारे पारा वापरायचे. म्हातारीची नात सात महिन्यांची गरोदर. सुईणीनं बजावलं होतं, तपासल्याशिवाय पोरीला शिंपले देऊ नको.

दर गुरुवारी म्हातारी प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"काय गं नोना, माझ्या पोरी, बोललं का तुझं यंत्र?"

"नाही ओमा. गॅस नाही आला."

"एवढं मोठं धूड, आणि गॅसवाचून अडतं? माझी चूल बरी. दोन करवंट्या टाकल्या की पेटते!"

फीनाला हसू आलं, लाजही वाटली.

तिसऱ्या गुरुवारी म्हातारी हसली नाही. "तू खाशील का ते? एवढंच सांग."

आकडा हातात आल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, अशी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांची ताकीद होती. एका शब्दानं अख्ख्या गावाची मासळी बाजारात पडून राहते. सर आसपास नाहीत ना, म्हणून फीनानं मागे वळून पाहिलं.

"नाही खाणार मी," ती हळूच म्हणाली.

"मग पोरीला काय घालू? नुसती सागूची पेज? होड्या बंद आहेत, मासे नाहीत. चिखलात हात घातला की शिंपलेच लागतात हाताला."

फीनाच्या डब्यात दोन उकडलेली अंडी होती. ती तिनं दिली. म्हातारीनं ती घेतली, आणि त्यानंतर ती आली नाही.

समुद्र निवळला, पण जहाजावर आधी सिमेंट चढलं, मग तांदूळ. सिलिंडरं आली दोन महिन्यांनी. पारा सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट निघाला. फीनानं तीनदा मोजून पाहिलं. आकडा हलला नाही.

कागद घेऊन ती होडीनं गावात गेली. नात ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. म्हातारीनं कागद हातात धरला, पण त्याकडे पाहिलं नाही.

"इतके दिवस तेच खाल्लं तिनं. शिंपले आता बंद. पण हे दूध? पाजू देऊ की नको?"

"ते डॉक्टरांना विचारायला हवं, ओमा."

"डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. परवाच येऊन गेला."

बाळ चुटूचुटू दूध ओढत होतं. दोघीही फीनाकडे बघत होत्या.

"मला नाही माहीत, ओमा," फीना म्हणाली.