दुसरी पसंती

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या शिवणकारखान्यातले कटिंग मास्तर माहितीयत ना? हात असा की चिंधी वाया जायची नाही. पण बायकोचं कुणी कौतुक केलं की यांच्या पोटात दुखलंच! ती तिथेच, काज-बटणाच्या मशीनवर. कुणाचं काही अडलं की, "वहिनी, बघा ना जरा." मास्तरांना कुत्रं विचारत नाही.

मागच्या वर्षी मालकाशी बोलायला माणूस निवडायचा होता. पाच जण उभे, एकेचाळीस मतं, मास्तर पंधरा मतांवर निवडून आले. उरलेले सव्वीस रुसले, कुणी ऐकेना, तीन महिन्यांत मास्तर खाली. पुढचा तर दोन महिनेही टिकला नाही. मग मास्तरांनी पेपरात वाचलं, काही देशांत म्हणे पहिली पसंती, दुसरी पसंती लिहितात. अर्ध्याहून जास्त लोक पाठीशी आल्याशिवाय कुणी जिंकत नाही. आणलीच ती पद्धत इथे. आणि नेमकी बायको उभी राहिली!

मोजायला मास्तरच. स्वतः उभे असून! काय करणार, दुसऱ्या कुणाला ते कळतच नव्हतं. मास्तर सतरा, वहिनी तेरा, इस्त्रीवाले काका अकरा. झालं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वहिनीसुद्धा म्हणाली, "अहो, जिंकलात की!"

आता काका बाद, त्यांच्या अकरा चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती मोजायची, हे एकट्या मास्तरांना ठाऊक. हळूच चाळल्या. नऊ बायकोला, दोन त्यांना. जळून नुसता कोळसा! त्या चिठ्ठ्या मुठीत दडवल्या असत्या तर जिंकलेच होते गं. पण पुन्हा तीन महिन्यांत खाली यायचं? तेही तिच्या डोळ्यांदेखत? दातओठ खात ओरडले, "थांबा, मोजणी व्हायचीय अजून!"

वहिनी बावीस, मास्तर एकोणीस.

घरी जाताना हे चार पावलं पुढे, तोंड एवढंसं. मागून ती म्हणाली, "माझी पहिली पसंती तुम्हीच होतात हं. तुम्हाला हौस ना!"

मास्तरांनी पावलं आणखी भराभर उचलली.

"आणि तुमची दुसरी मीच असेन?"

ती जागा त्यांनी कोरी सोडली होती गं! भर रस्त्यात खाली वाकले, चपलेचा पट्टा उगाच काढला, उगाच लावला. ती आपली उभी, हसत, उत्तराची वाट बघत.

खरं सांग, त्यांच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?