सरदारबाबांचा फेटा

छबूबाईने पाण्याची घागर दर्ग्याच्या उंबऱ्यावर टेकवली आणि हात लांब करून जेवढी आत सरकेल तेवढी सरकवली. पाय बाहेर, हात आत. मनाई बाईला होती, हाताला नव्हती. आणि हात कितपत आत गेला म्हणजे बाई आत गेली असं धरायचं, ते गावात कुणी ठरवलेलं नव्हतं.

आत तिचे वडील, कारभारीआबा, गुडघे धरून हळूहळू खाली बसत होते. उरुसाच्या दिवशी सरदारबाबांच्या थडग्याला अंघोळ घालायची, चंदन लावायचं, नवा गलेफ, म्हणजे थडग्यावरची चादर, चढवायचा आणि उशाकडच्या दगडाला फेटा बांधायचा, हा मान त्यांच्या शेतकरी घराचा. बाबा हबशी होते, समुद्रापलीकडून निजामशाहीत लढायला आले, एवढंच गावाला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर उरूस झकास चालला होता. पण आता आबांचे गुडघे गेले होते. त्यांना मुलगा नव्हता. आजच्या अंघोळीनंतर दर्ग्याची किल्ली पुतण्याकडे, मच्छिंद्रकडे जायची होती.

आणि छबूबाई? नवरा वारल्यावर ती माहेरी आली त्याला तीस वर्षं झाली. गलेफ तिने शिवायचा, चंदन तिने उगाळायचं, फेट्याला खळ तिने लावायची. ह्या दुष्काळात अंघोळीची घागरही तिनेच दोन मैलांवरून आणली होती. पण आपण शिवलेला गलेफ बसतो कसा, ते तिला एकदाही दिसलं नव्हतं. आतल्या अंधारात उंबऱ्यावरून काही म्हणता काही कळायचं नाही.

"किल्ली मला द्या की, आबा," ती सकाळीच म्हणाली होती.

"येडी का काय तू? बाबा पुरुषमानूस. बाई आत गेल्याली त्यांना चालंल व्हय?"

 ती चंदन उगाळायला बसली, आणि इतकं उगाळलं की दोन उरूस निघाले असते.

एवढ्यात मच्छिंद्र एका पाहुणीला घेऊन आला. तो नवं धोतर नेसून, सकाळपासून दोनदा अंघोळ करून मानाला तयार झाला होता. पाहुणी तिसगावला एसटीतून उतरून चालत आली होती. तिचं नाव अबेना, आफ्रिकेतल्या घाना देशाची, पुण्यात राहून संशोधन करणारी.

"नमस्कार. आपल्याला थोडी तसदी देऊ का?" तिने विचारलं.

असलं शुद्ध मराठी गावाने फक्त शाळातपासनीस आल्यावर ऐकलेलं. छबूबाई नकळत पदर सारखा करून ताठ उभी राहिली.

अबेनाने येण्याचं कारण सांगितलं. आफ्रिकेतून जी माणसं इकडे आली, त्यांचे देव, त्यांचे पूर्वज, त्यांच्या बायकामुली, ह्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते ती शोधत होती. सरदारांची नावं दप्तरांत ढिगाने सापडली. बाईचं एकही सापडलं नाही. बायकांच्या नादी लागू नका, त्यांचे कागद नसतात, असं तिच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, आणि दोन वर्षं दप्तरं उपसून तिलाही ते पटत चाललं होतं.

"मला आत जाता येईल का?"

"बायांना बंदी हाय," मच्छिंद्र म्हणाला.

आतून आबा ओरडले, "मच्छिंदर, बाबांच्या मुलखातलं मानूस चारशे वर्सांनी दारात आलंय. त्याला उंबऱ्यावर उभं करू का मी?"

"पर आबा, बाई हाय ना ती!"

"आधी पाहुनी हाय. बाई मागनं."

मच्छिंद्र दारातून बाजूला झाला. अबेनाने चपला काढल्या, डोक्यावरून ओढणी घेतली आणि छबूबाईच्या शेजारून आत गेली. छबूबाईने घागर उगाचच आणखी बोटभर आत सरकवली. हेवाच तो, दुसरं काय.

आबांनी जुना गलेफ काढला होता. अबेनाने बॅटरीचा उजेड पाडला आणि थडग्याच्या माथ्यावरून तळवा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"आबा, इथला उंचवटा तुटला का?"

"कसला उंचवटा?"

"पुरुषाचं थडगं असलं की माथ्यावर मधोमध लांबट उंचवटा करतात. जंजिऱ्याला, खुलताबादला, मी शेकडो पाहिलेत. बाईच्या थडग्यावर तो नसतो. नुसती सपाट पाटी असते."

"झिजला आसंल!" मच्छिंद्र बाहेरून म्हणाला.

"चाळीस वर्सं माझा हात फिरतोय ह्याच्यावरनं," आबा म्हणाले. "झिजल्यालं मला हाताला कळतं. हितं कदीच काय नव्हतं."

 अबेनाचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. दोन वर्षांत तिला सापडलेली ही पहिली बाई.

मग आबांना आपला ओला हात अजून पाटीवर आहे हे दिसलं. त्यांनी तो तापल्या तव्यावरून उचलावा तसा उचलला आणि काखेत दडवला.

"चाळीस वर्सं," ते पुटपुटले, "चाळीस वर्सं म्या परक्या बाईला अंघुळ घातली?"

दारात छबूबाईने तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

"आन् वर फेटा बांधला!" आबा म्हणाले, आणि गेल्या दोन वर्षांत कुणी पाहिलं नसेल इतक्या झपाट्याने बाहेर आले. "मच्छिंदर, तू जातू आत?"

मच्छिंद्रने आत पाहिलं, मग स्वतःच्या नव्या धोतराकडे पाहिलं. "आपली चुलती-मावशी आसती तर येगळं हुतं," तो म्हणाला. "पर गावाला काय सांगायचं?"

"बाईमान्साला बाईमान्सानंच न्हाऊ घालावं, हे गावाला सांगावं लागतंय व्हय?"

आबांनी कनवटीची किल्ली काढली आणि छबूबाईकडे न बघता तिच्या हातावर ठेवली.

छबूबाई उंबरा ओलांडून आत गेली. घागरीतलं पाणी तिने पुरवून पुरवून घातलं, चंदन लावलं, गलेफ चढवला. तो एका अंगाला वीतभर लांब होता. तीस वर्षं लांबच होता आणि आबांनी कधी सांगितलं नव्हतं. ती तिथेच फतकल मारून टीप उसवायला बसली, आणि अबेनाने वही खाली ठेवून दुसरं टोक धरलं.

बाहेर वाजंत्री येऊन ठेपली. काय खोळंबलंय ते बघायला आबांनी सवयीने पायरीवर पाय टाकला, थांबले, आणि मोठ्याने खाकरले.

"थांबा, आबा," छबूबाई आतून म्हणाली. फेट्याची घडी उलगडून ती उशाकडच्या दगडावर हळूच पांघरत होती. "तिला पदर घिऊंद्या."

आबांनी दाराकडे पाठ केली. मच्छिंद्रने ती आधीच केली होती.