उजवीकडचे कंस

चिंगीने छापील कागदावर पट्टी उभी धरली आणि वरून खालपर्यंत नजर फिरवली. एकही कंस पट्टीबाहेर गेला नव्हता. आज्ञांचा प्रत्येक गट संपवणारा कंस आपल्या ओळीपासून वीतभर लांब, कागदाच्या उजव्या कडेला जाऊन उभा होता, आणि असे सगळे कंस एकाखाली एक, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे.

"हे असं कोण लिहितं गं?" केंद्रप्रमुख मॅडमनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"मावशी."

"ते ठाऊक आहे मला. का लिहितं, असं विचारतेय."

चिंगीला ते सांगता येईना. या संगणक केंद्राने फार पूर्वी, विकत घ्यायला काहीच मिळत नव्हतं तेव्हा, यंत्र चालवणारी स्वतःची प्रणाली लिहून काढली होती. लिहिणारे तिघं, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. पंडितांना मूळ संगणकभाषाच पसंत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या एकूणएक शब्दाचं नव्याने बारसं केलं होतं. दुसरे, ज्यांना सगळे कंजूष म्हणत, ते चिंगीचे काका, मावशीचा नवरा. त्यांनी कुठल्याही गोष्टीला एका अक्षरापेक्षा मोठं नाव दिलं नव्हतं. 'क' म्हणजे काय आणि 'ख' म्हणजे काय, हे त्यांना आणि देवालाच ठाऊक. तिसरी मावशी, आणि तिचे हे कंस. जुने लोक त्याला 'दोरीवरचं धुणं' म्हणत. यंत्राला कंस कुठेही चालतो. शोधत बसावं लागतं ते माणसाला.

आता ही सगळी प्रणाली केंद्र लोकांना वाचायला खुली करणार होतं. नीटनेटकं करून देणारा एक प्रोग्रॅम होता. तो शब्द किंवा नावं बदलत नसे, पण चालवला की सगळ्या ओळी आणि कंस एका हाताने मांडल्यासारखे झाले असते.

"पंडितांनी नवी भाषाच केलीय, ती राहू दे. एका अक्षराची नावंही राहू दे, बदलायची म्हटली तरी बदलणार कोण?" मॅडम म्हणाल्या. "पण हे कंस? लोक हसतील, चिंगी."

केंद्रात चिंगीच्या हाताखाली तीन माणसं होती आणि तिच्या केसांत पांढरी झाक आली होती, पण मावशीने एकदा सगळ्यांसमोर हाक मारल्यापासून ती इथेही चिंगीच झाली होती.

"मावशी म्हणाली, बाकी काय वाटेल ते करा, माझ्या कंसांना हात लावू नका."

"मावशी म्हणाली हे काही कारण नाही झालं. जेवून ये आणि येताना एक धड कारण घेऊन ये. नाहीतर दुपारी मी प्रोग्रॅम चालवणार."

मावशीने आजवर चिंगीकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं. आईच्या आजारपणात तिने चिंगीला वर्षभर ठेवून घेतलं, शिकवलं, रागावली, पण मागितलं असं हे पहिल्यांदाच. त्यामुळे मागच्या गल्लीतल्या तिच्या घरी चिंगी जवळजवळ पळतच गेली.

मावशी ओट्याशी कांदा चिरत होती. काका अंगणात खुर्चीचा पाय घट्ट करत होते. हातोडीचा आवाज येत होता.

"कारण काय त्यात?" मावशी म्हणाली. "आमचं छपाईयंत्र अर्धमेलं होतं. डाव्या कडेची अक्षरं उमटायचीच नाहीत. कंस नेमके तिकडेच, म्हणजे कागदावर गायब. आणि चुका शोधायच्या त्या कागदावर. मग मी ते उचलून उजवीकडे नेले."

चिंगीचा जीव भांड्यात पडला. मग तिला छापील कागदांवरच्या तारखा आठवल्या.

"पण ते यंत्र तर लवकरच बदललं ना? तू पुढेही तसंच लिहिलंयस. थेट निवृत्तीपर्यंत."

मावशीने सुरी खाली ठेवली. हातोडी वाजतेय ना, हे तिने नीट ऐकून घेतलं.

"यंत्र बदललं तोवर तुझ्या काकांनी तसं लिहायला घेतलं होतं. आपणहून. तेव्हा आमचं लग्नबिग्न काही नव्हतं. एक अक्षर जास्त लिहायचं तर ज्याच्या जिवावर यायचं, तो माणूस एकेका कंसाआधी ओळभर मोकळ्या जागा ठोकत बसलेला! म्हटलं, याला फारच आवडलेलं दिसतंय. मग मी ती तऱ्हा कशी मोडू?"

"आणि तुला?"

"मला? शी! मान दुखायची माझी डावी-उजवीकडे बघून." मावशीने डोळे पदराला पुसले, कांदा तिखट होता. "पण हे त्यांना सांगायचं नाही हं. आता तुम्ही सगळं सरळ केलंत तर त्यांना किती वाईट वाटेल."

जेवणं झाली. काका तिला फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकाशी त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ते कंसांचं काही करत नाही ना तुमची मॅडम?"

"करणार म्हणतायत. काका, तुम्हाला इतके आवडतात ते?"

"मला?" काका हसले. "अगं, गट संपला की सरळ खालच्या ओळीत कंस टाकायचा सोडून पार त्या टोकाला जायचं आणि परत यायचं, हा द्राविडी प्राणायाम कोणाला आवडेल?"

"मग तुम्ही का लिहीत होतात?"

काका फाटकाची कडी वर-खाली करत राहिले.

"तुझ्या मावशीला हसायचे सगळे. धुणं वाळत घातलं म्हणायचे. ती मान खाली घालून लिहीत राहायची. एक दिवस वाटलं, आपणही घालावं वाळत. हसायचंच असेल तर दोघांना हसा." कडी लागली. "मग हसणं थांबलं, पण मी काही थांबू शकलो नाही. तिला वाटलं असतं, हाही फिरला. तिचा केवढा जीव त्या कंसांवर! बोलू नकोस हं तिच्याकडे."

चिंगी केंद्रावर परतली ती अगदी सावकाश. रस्त्यात एकदा तिला इतकं हसू फुटलं की समोरून येणाऱ्या टपालवाल्याने स्वतःच्या शर्टाची बटणं तपासली. पण जिन्यापाशी पोचेपर्यंत हसू विरलं. कारण तर मिळालं होतं, ते सांगायचं कसं? प्रत्येकाने तोंडावर बोट ठेवून दिलेलं. तिने कपाटातून काकांच्या कामाचे कागद काढले आणि मावशीच्या कागदांशेजारी ठेवले. 'क', 'ख', 'ग', आणि पानाच्या पार टोकाला, एका रेघेत, कंस. पट्टी लावायचीही गरज नव्हती. तिला दोघांचाही फार अभिमान वाटला.

मॅडम खुर्ची सरकवून बसल्या होत्या. पडद्यावर तो प्रोग्रॅम तयार होता. एक कळ दाबायची बाकी होती.

"मिळालं कारण?"

"मिळालं. पण कोणाला सांगणार नाही म्हणून शब्द देऊन आलेय. दोन शब्द."

"मग माझी पंचाईतच आहे."

"एवढं सांगू शकते," चिंगी म्हणाली. तिने दोन्ही कागद मॅडमसमोर शेजारी शेजारी ठेवले. "हे तिचे, हे त्यांचे. जन्मभर दोघांनी असंच लिहिलं. आणि दोघांनाही ते कधी आवडलं नाही."

मॅडमनी एका कागदावरून दुसऱ्यावर नजर नेली, मग पुन्हा पहिल्यावर. मग चष्मा काढला.

"आमच्या दिवाणखान्यात," त्या शेवटी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हिरवे पडदे आहेत. फाटले की मी तसलेच आणते. ह्यांना आवडतात."



मॅडमनी संगणकावरचा प्रोग्रॅम बंद केला. फोन उचलला, घरचा नंबर अर्धा फिरवला, आणि हलकेच जागेवर ठेवून दिला.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "जिथे आहेत तिथेच राहू देत."