आपल्याच रक्ताचं

गोजरबाईला गुडघे हवे होते ते एकाच कामासाठी. लेक आकांक्षा पहिल्या बाळंतपणाला वाटूरला आली होती, आठवा सरत आला होता. येणाऱ्या नातवंडाला पाय पसरून, पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे गोजरबाईने लेकीच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. पण गुडघे असे हट्टाला पेटले होते की खाली बसायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी लेकीनेच तिला जालन्याला हाडांच्या डॉक्टरकडे ओढत आणलं.

डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. "गादी झिजलीय. व्यायाम सोडायचा नाही. इंजेक्शनं तीन प्रकारची. एक स्टेरॉइडचं, लवकर आराम, पण थोडेच आठवडे. दुसरं वंगणाचं, हळू गुण येतो, कुणाला येतो, कुणाला नाही. तिसरं आपल्याच रक्ताचं. रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला कामाचा भाग गुडघ्यात सोडायचा. कुणाकुणाला जास्त टिकतं, पण सावकाश, आणि खात्री तिथेही नाही."

"तिसरंच द्या," आकांक्षा म्हणाली.

गोजरबाई ताडकन उठली. गुडघ्यातून कळ गेली तरी थांबली नाही. "मला एकबी सुई नको. चल घरी."

बाहेरच्या बाकावर लेक चिडली. "इतकी भेतीस सुईला? मी एवढं पोट घिऊन एष्टीनं आले, आन् तू..."

"सुईला कोण भेतंय?" गोजरबाईचा आवाज फुटला. "तुझ्याच अंगात आधी रक्त न्हाई, गोळ्या खाऊन राह्यलीस. आन् ते काढून माझ्या गुडघ्यात घालतेत व्हय? मेले तरी न्हाई काढू देणार!"

"माझं रक्त?"

"मंग? आपल्याच रक्ताचं म्हणले की. तू न्हाईस का माझं रक्त?"

आकांक्षाला हसू आवरेना. हसता हसता तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडू लागली. "आगं येडे, तुझंच रक्त. तुझ्या दंडातलं."

दोघी पुन्हा आत गेल्या. या वेळी गोजरबाईने लाज सोडून विचारलं, "लेकरू पायावर घिऊन न्हाऊ घालायचंय. ते कोणत्या सुईनं व्हईल?"

"रक्ताचं तोवर लागू पडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "बाळ यायच्या सुमारास पहिलं, स्टेरॉइडचं देऊन बघू. पण मावशी, फार तर दीड-दोन महिने धरा."

"बस की! सव्वा महिन्याचं तर बाळंतपण."

मुलगी झाली. मोरीत पाट टाकला, गोजरबाई भिंतीला धरत खाली टेकली आणि तिने पाय पसरले. गुडघे कुरकुरले, पण ऐकले. नात आधी घर डोक्यावर घेऊन रडली, मग कोमट पाण्याने निवून आजीच्या नडगीवर गप पडून राहिली.

आकांक्षाने दुपट्यात लेकीला उचललं, दुसरा हात आईपुढे केला. "ऊठ, आई."

"थांब," गोजरबाई आपल्या ओल्या पायांकडे बघत म्हणाली. "जरा बसू दे."