पाण्यातली तहान

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. दातांच्या दवाखान्यात, लाकडी बाकासमोर माझा मुक्काम. ठणकत्या दाढेचे लोक माझ्याकडे बघत बघत दुखणं विसरायचे. खरं तर माझ्याकडे कोण बघतंय? बघायचे ते माझ्यातल्या पट्टेवाल्या समुद्री माशाला. पण नजर माझ्यातून जायची, हेही नसे थोडके.

हळूहळू पाणी उडून जाई, पातळी उतरे. दवाखान्यातल्या मावशी मोठ्या नेमाच्या. मासेवाल्यानं बजावलं होतं, याला खारं पाणीच लागतं. म्हणून त्या दर वेळी मीठ कालवूनच पाणी ओतायच्या. मित्रांनो, उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ कुठेही जात नाही, माझ्यासारखंच बसून राहतं, आणि दर वेळी त्यात नव्याची भर पडते. माझ्या काठावर पांढरी पुटं चढली. मावशींनी ती पुसली आणि वर शाबासकी मिळवली.

जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. माशाच्या पेशीपेशीतून पाणी बाहेर झिरपू लागलं. पाण्यात बुडालेला तो जीव सुकत चालला.

डॉक्टरांची धाकटी लेक तेवढी म्हणाली, "बाबा, हा सारखा पाणी पितोय. त्याला तहान लागलीय."

"माशाला तहान?" डॉक्टर म्हणाले. "मावशी, साहेबांना ग्लासभर पाणी द्या हो."

अख्खं बाक हसलं. दाढा धरधरून हसलं.

पोर हसली नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं माझं निम्म्याहून जास्त पाणी उपसलं आणि नळाचं गोडं पाणी बादलीनं भरलं. "पी आता पोटभर," म्हणाली.

थोडं थोडं घातलं असतं तर तो जगला असता. आता उलटंच झालं. बाहेर मीठ कमी, आत जास्त. पाणी चहूकडून माशात घुसलं, पेशी फुगत गेल्या. तो कलंडला, सावरला, पुन्हा कलंडला. ती काचेला नाक लावून त्याचं पोट भरायची वाट बघत होती.

डॉक्टरांनी त्याला चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकलं. "तूच मारलास," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मावशींना कोणी काही बोललं नाही.

आता माझ्यात दातांचे प्लास्टरचे साचे ठेवतात. दिवसभर दात विचकून बसलेले असतात, त्या बाकासारखेच. लेक येते, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. कोणी म्हणालं तहान लागलीय, तर आधी जवळ येऊन बघा. तुम्ही हसत बसलात, की बादली एकट्या पोरीला उचलावी लागते.